सातवी सही

निजामपुरा, भिवंडी
शुक्रवार, १६ फेब्रुवारी १९९०

प्रिय केसरीनाथ,

चाचाची दुआ. रुकय्याला तू पाठवलेलं कार्ड तिने काल मला आणून दाखवलं. त्यावर दोनच ओळी आहेत. 'माझं नाव घालू नका. माझा तो हक्क नाही.' तिने विचारलं, "चाचा, हक्क नाही म्हणजे काय? मग सुरू कोणी केलं होतं?" मी म्हटलं, बघतो. जाताना ती कार्ड माझ्या टेबलावरच ठेवून गेली. विसरली नसावी, ती मुलगी काही विसरत नाही. आज शुक्रवार, लूम बंद आहेत. नमाज पढून आलो, मुलं तीनला येतील, तोपर्यंत लिहायला बसलो आहे. मी फार बोलणारा माणूस नाही हे तुला माहीत आहेच. मराठी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलो, पण त्यानंतर मराठीत लिहिले ते फक्त वीज मंडळाला अर्ज. आत्ताही आधी 'विषय' आणि मग 'संदर्भ' लिहायला हात जात होता. पुढे कुठे अर्जासारखं वाटलं तर समजून घे.

रुकय्याने तुला फॉर्मवर सही हवी आहे एवढंच लिहिलं असेल. म्हणून मी नीट सांगतो. अंबाडी नाक्यावरची दाजींची भाताची गिरणी तुला आठवत असेल, वाड्याच्या रस्त्याला लागून आहे ती. दीड वर्ष बंद पडली आहे. आत तीन फेजची लाइन आहे, फरशी पक्की आहे, आणि दिघाशीकडच्या मुलांना एस.टी. दारातच सोडते. दाजी ती जागा शुक्रवारच्या मुलांना दहा वर्षं वापरायला द्यायला तयार आहेत. तुम्ही ठेवलेलं 'विद्यार्थी यंत्रशिक्षण मंडळ' हे नाव कोणाच्याच तोंडी बसलं नाही, इकडे सगळे तुमच्या मंडळाला नुसतं 'शुक्रवार' म्हणतात. त्यावरूनच दाजी अडले. म्हणाले, "जागा देतो, पन कोनाला देतो त्याचा कागद पायजे. उद्या माझ्या पोरानी इचारलं, बाबा, गिरन कोनाला दिलीस, तर काय सांगू? शुक्रवारला?" मंडळ रीतसर नोंदवून पाडव्यापर्यंत कागद दाखवला तर गिरणी मुलांची. नाहीतर खताच्या व्यापाऱ्याला गोदाम म्हणून जाईल. दाजींचं त्यात काही चुकत नाही.

संस्था नोंदवायला सात जणांच्या सह्या लागतात, सगळे अठरा पूर्ण. मुलांनी बसून आपल्यापुरता आणखी एक नियम केला, की ज्याने शुक्रवारी स्वतः शिकवलं आहे त्याचीच सही. त्यात बसणारे सहा जण आहेत. पाच तुमच्याच पॉलिटेक्निकचे, तुमच्या मागून आलेले, आणि सहावी रुकय्या, तिला गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. बाकीची इथली आणि दिघाशीची मुलं सोळा-सतराची, तुमच्या वेळचे शिकवणारे नोकरीला पांगले आणि कॉलेजची नवीन मुलं अजून शिकतच आहेत. मी म्हटलं, सातवी सही मी करतो. तर रुकय्या म्हणाली, "चाचा, तुमची सही झाली की ती मोठ्यांची संस्था झाली. मग तुम्ही बोलणार आणि आम्ही ऐकणार." मी आणि बोलणार, ह्यावर सगळी पोरं हसली. पण तिचं म्हणणं खरं आहे. सातव्या ओळीवर तिने पेन्सिलने तुझं नाव लिहून ठेवलं आहे. म्हणते, तिथे दुसरं नाव जाणार नाही, गिरणी गेली तर जाऊ दे. मी तिच्याशी वाद घातला नाही, कारण पेन्सिल मीच दिली होती.

तुम्ही सुरुवात केलीत तो शहाऐंशीचा जुलै मला चांगला आठवतो. दंगलीला दोन वर्षं झाली होती. निजामपुऱ्यात अनोळखी मुलगा दिसला तरी लोक चौकशी करायचे. अशात आमचा यूनुस दिघाशीच्या एका सडपातळ मुलाला, म्हणजे तुला, घरी घेऊन आला, जो 'बस' म्हटल्यावरही उभाच राहिला. तुम्ही दोघं तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. यूनुसचं म्हणणं होतं की कॉलेजात मोटर फळ्यावर बघून पाठ करायची, आणि आपल्या गल्लीतल्या पोरांच्या कानाशी दिवसभर मोटर चालते पण तिच्या आत काय आहे ते त्यांना माहीत नाही. ह्या दोघांना एका खोलीत बसवायचं. शिकवणारे विद्यार्थीच, मास्तर कोणी नाही. मी मागची खोली दिली, जिथे आम्ही सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्यांची पोती ठेवत होतो. मनात म्हटलं, पावसाळा संपेपर्यंत टिकेल.

पहिले सहा रविवार कोणी आलंच नाही. यूनुसने मराठीत आणि उर्दूत पाट्या लिहून शाळांच्या भिंतींवर लावल्या होत्या. दहा वाजता खोली झाडून, पाने-पक्कड मांडून तुम्ही दोघं बसायचात. आलेच तर दोन-तीन जण, तेही पाऊस चुकवायला. सहाव्या रविवारी यूनुस म्हणाला, "अब्बा, आपल्या लोकांना शिकायचंच नाही." तेव्हा मी सांगितलं, की रविवारी भिवंडीत लूम चालतात. मुलं लूमवर असतात, नाहीतर आईबरोबर कांड्या भरत असतात, नाहीतर बापाचा डबा पोचवत असतात. इथली सुट्टी शुक्रवारची. लूमवाल्याच्या घरात वाढलेला मुलगा, पण वर्षभर कॉलेजला जाऊन त्याच्या डोक्यात रविवार बसला होता.  म्हणाला, "तुम्हाला हे पहिल्या रविवारी माहीत होतं?" मी म्हटलं, हो. "मग सांगितलं का नाही?" मी म्हटलं, तू विचारलं नाहीस. तो हसला, तूही हसलास, मीही हसलो असेन. आता ते आठवलं की हसू येत नाही. सहा रविवार मी त्या दारावरून ये-जा करत होतो.

शुक्रवार केल्यावर पहिल्याच दिवशी एकोणीस मुलं आली. तुम्ही कॉलेजचं शुक्रवार दुपारचं ड्रॉइंग सरांना सांगून शनिवारच्या बॅचला करून घेतलंत. यूनुसने लूमची मोटर मधोमध ठेवून उघडली, एकेक भाग वर धरून दाखवला आणि बोलत बोलत परत जोडली. मोटर चालू झाली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. आमचा जॉबर महादू दारात उभा होता. वीस वर्षं लूम दुरुस्त करतोय, त्याला टाळ्यांचं काय. म्हणाला, "खेल चांगला झाला. पुढच्या बारीला तिकीट लावा. पन पोरांना इचारा, कोनता इस्क्रू कुठं गेला." विचारलं तर एकालाही सांगता येईना. यूनुसचा चेहरा पडला. तेव्हा तू बोललास, त्या खोलीत मी ऐकलेलं तुझं ते पहिलं वाक्य. तू म्हणालास, "मग आपण हातच लावायचा नाही."

तिथून तो नियम झाला. शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे. उघडणार शिकणारा, चुकणार तोच, जोडणारही तोच. यूनुसला ते फार जड गेलं. पाना उलटा धरलेला दिसला की त्याचा हात आपोआप पुढे यायचा, आणि सगळी पोरं ओरडायची, "हात, हात." शेवटी त्याने एका पोराकडून मनगटं मागे सुताने बांधून घेतली. सूत पातळ, एका झटक्यात तुटेल असं, पण तो संध्याकाळपर्यंत तसाच फिरला. तुला मात्र हे उपजतच येत होतं. महादू म्हणायचा, "ह्यो मास्तर बरा. बोलत बी न्हाय, हात बी लावत न्हाय. पोरांना वाटतं आपनच शोध लावला." महादू माणसांबद्दल असं चांगलं फारसं बोलत नाही, म्हणून तुला लिहून कळवतो.

रुकय्या कशी आली ते तुला माहीत आहे, पण मला ते लिहावंसं वाटतं. तिची आई घरी कांड्या भरते. भरलेल्या कांड्या पोचवायला ती मुलगी यायची आणि टोपली डोक्यावर तशीच ठेवून दारातून बघायची. यूनुसने विचारलं, मोटर शिकायची का. ती म्हणाली, "मोटर राहू दे. आमच्या चरख्याचा पट्टा सारखा निसटतो. तो का निसटतो ते सांगा, मग मी मोटर शिकते." यूनुसला येत नव्हतं, तुलाही येत नव्हतं. पुस्तकात नव्हतं ते. दोन शुक्रवार तुम्ही तिघं त्या चरख्यापुढे बसलात. चाकं एका रेषेत नव्हती, एवढंच होतं. चाकाखाली पत्र्याची चकती तिने स्वतःच सारली. पुढच्या शुक्रवारी गल्लीतल्या चार मुली आल्या आणि दोघींच्या आया बघायला आल्या की आत काय चालतं. नंतर आया येईनाशा झाल्या, मुली येत राहिल्या.

अठ्ठ्याऐंशीत तुमची परीक्षा झाली तेव्हा साठ मुलं होती आणि कॉलेजचे अकरा जण शिकवत होते. जो कॉलेज सोडेल त्याने आधी मागचे दोन तयार करायचे, हे यूनुसने ठरवलं होतं. त्याच उन्हाळ्यात तू दिघाशीला शाळेच्या ओट्यावर दुसरा शुक्रवार सुरू केलास. मी एकदा बघायला आलो होतो. तुझ्या आईने, जानकीबाईंनी, तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. मी आणि तू ओट्यावर शेजारी शेजारी बसून अर्धा तास एक शब्द न बोलता जेवलो. जानकीबाई म्हणाल्या, "आमचं पोर बोलत न्हाय, तुमी बी बोलत न्हाय. मंग तुमचं चालतं कसं?" यूनुस म्हणाला, "काकी, म्हणून तर दोघांच्या मध्ये मी बसतो."

त्यानंतरचं मी आजपर्यंत कोणाशी बोललो नाही. दिघाशीच्या मुलांकडे पंपाची जुनी मोटर होती, गंजलेली, आणि त्यांना लूमची चालती मोटर बघायची होती. महिनाभर ती वाट बघत होती. त्या डिसेंबरच्या गुरुवारी यूनुस स्कूटरच्या पायाशी मोटर ठेवून, पाय दोन्ही बाजूंना काढून, चार वाजता इथून निघाला. अंबाडीच्या अलीकडे वळणावर समोरून ट्रक आला. मोटरमुळे त्याला ब्रेकवर पाय नेता आला नाही असं बघणारे म्हणाले. हॉस्पिटलात तू माझ्याआधी पोचला होतास. पोलिसाने त्याच्या खिशातल्या वस्तू माझ्या हातात दिल्या, त्यात तुझी चिठ्ठी होती, 'ह्या शुक्रवारी मोटर नक्की आण. पोरं थांबलीत.' मी ती वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि तुझ्याकडे बघितलं नाही. दफनाच्या वेळी तू कब्रस्तानच्या फाटकापाशी होतास. तीन दिवस तू गल्लीत समोरच्या ओट्यावर येऊन बसत होतास, हे मी माडीवरून बघत होतो. खाली आलो नाही. महिन्याभरात तू पुण्याला नोकरी धरलीस असं कळलं.

मागच्या खोलीला मी कुलूप लावलं. दोन महिने कोणी काही म्हणालं नाही. मग फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी रुकय्या आणि दुसरी तीन मुलं येऊन पायरीवर बसली. मी बाहेर आलो तर उठली नाहीत. पुढच्या शुक्रवारी सात होती. तिसऱ्या शुक्रवारी कॉलेजचे चौघे ठाण्याहून आले आणि तेही पायरीवर बसले. मला त्यांना ओलांडून जावं लागलं. मी किल्ली रुकय्याच्या हातात दिली आणि कुठे जायचं ते न कळून मीही त्यांच्याबरोबर आत गेलो. तिने मला मोटरीपुढे बसवलं. केसरीनाथ, बावीस वर्षं माझे लूम आहेत, पण मी तोपर्यंत एकही मोटर उघडली नव्हती. ते जॉबरचं काम. त्या दिवशी उघडली. समोर सोळा-सतरा वर्षांची पोरं हात मागे घेऊन उभी, कोणी मदत करेना. महादू दारात होता, म्हणाला, "शेठ, बोट सांभाळा." जोडून झाल्यावर मोटर फिरेना, नुसतीच गुणगुणायला लागली. मी रुकय्याकडे बघितलं. ती म्हणाली, "चाचा, तीन वायरी होत्या. घट्ट किती केल्या?" दोन केल्या होत्या. परत उघडली. मोटर फिरली तेव्हा संध्याकाळची अजान झाली होती. दोन महिन्यांत त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

तेव्हापासून मी दर शुक्रवारी बसतो. शिकवायला नाही, मला अजून तेवढं येत नाही. आता निजामपुऱ्यात दोन तुकड्या आहेत, दिघाशीला एक, आणि अंबाडीला एस.टी. स्टँडमागच्या शेडमध्ये एक, तीच गिरणीत न्यायची आहे. सगळी मिळून दीडशेच्या आसपास मुलं असतील. रुकय्या ह्या वर्षी डिप्लोमाला गेली, वर्गात तिच्यासकट तीन मुली आहेत. तिने लूमसाठी एक दिवा केला आहे. धोट्यातली कांडी संपून लूम थांबला की वर तांबडा दिवा लागतो, म्हणजे चार लूम बघणाऱ्या कारागिराला लांबूनही कळतं कोणता थांबलाय. मी माझ्या आठ लूमवर ते लावले. महादूने आधी नाक मुरडलं, आता एखादा दिवा बिघडला तर तोच तिला बोलवायला माणूस पाठवतो. सगळंच जमतं असं नाही. दिघाशीच्या मुलांनी शाळेला विजेची घंटा करून दिली, ती एकदा वाजायला लागली ती थांबेचना. गुरुजींनी वैतागून शाळा सोडून दिली. त्या मुलांचा गावात मान फार वाढला आहे. गुरुजी म्हणतात, घंटा दुरुस्त करायची घाई पोरांना दिसत नाही.

आणि एक. मागचे दोन तयार केल्याशिवाय जायचं नाही हा नियम तू मोडलास असं तुला वाटत असेल. दिघाशीला आज जे दोघे शिकवतात ते तुझ्या ओट्यावरचेच आहेत. महादू त्यांना 'मुकी पार्टी' म्हणतो. जानकीबाई दर शुक्रवारी त्यांच्यासाठी भाकऱ्या पाठवतात. तू सणाला घरी येतोस, पण शाळेकडे फिरकत नाहीस, हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणाल्या, "चाचा, त्याला इचारलं तर तो म्हनतो, मला तिकडं तोंड न्हाय. तुमी काय बोललात का त्याला?" मी म्हटलं, मी काहीच बोललो नाही. घरी येताना बसमध्ये तेच माझं उत्तर मला खात होतं. काहीच बोललो नाही, म्हणूनच तर. एखाद्याने चिठ्ठी वाचून घडी घालून खिशात ठेवली आणि वर बघितलं नाही, तर समोरचा काय समजेल? मीही तेच समजलो असतो. काल तुझं कार्ड वाचलं तेव्हा 'हक्क' हा शब्द तू कुठून आणलास ते मला कळलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या गुरुवारी दुपारी यूनुसने मोटर न्यायला माझ्याकडे टेम्पो मागितला होता. मी नाही म्हटलं. म्हटलं, लूमसाठी सुताचे बीम आणायचे आहेत, गाडी मोकळी नाही. बीम शनिवारी यायचे होते. टेम्पो दारात रिकामा उभा होता आणि ड्रायव्हर आत झोपला होता. डिप्लोमा होऊन सहा महिने झाले तरी हा लूमकडे लक्ष देत नाही, ह्याचा मला राग होता, तो मी तिथे काढला. त्याने मोटर उचलून स्कूटरवर ठेवली. तू चिठ्ठीत मोटर आण म्हणाला होतास, स्कूटरवर आण म्हणाला नव्हतास. चौदा महिने लोक समजले की मी दुःखाने गप्प आहे. दुःख होतंच, पण गप्प मी ह्यामुळे होतो, आणि ह्याचं ओझं तू पुण्यात एकटा उचलत होतास. आज सकाळी यूनुसच्या आईला, बिल्किसला, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला ठाऊक आहे. टेम्पो खिडकीतून दिसत होता." मग ताट बाजूला ठेवून म्हणाली, "मी तुम्हाला कधी बोलले नाही, पुढेही बोलणार नाही. पण त्या पोराला कोण सांगणार?" म्हणून हे पत्र. फॉर्म सोबत पाठवत नाही, तो इथे आहे. तू ये. तुला जे बोलायचं असेल ते माझ्या तोंडावर बोल, मी ऐकून घेईन. मग सही करायची का नाही ते तुझं तू ठरव. नाही केलीस तरी जेवून जा, बिल्किसने सांगितलं आहे. पाडव्याआधी अजून पाच शुक्रवार आहेत.

तुझाच,
फखरुद्दीन चाचा